उघडे दार आणि द्वारपाल

फ्रान्झ काफ्काची ‘द ट्रायल’ ही कादंबरी १९२५ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाली. तीत एक बोधकथा आहे. खेड्यातला माणूस कायद्याच्या दाराशी येतो. दार उघडेच असते. द्वारपाल मात्र त्याला थांबवतो. विनवण्या करीत, लाच देत तो जन्मभर तेथेच बसतो आणि मरतो.

ते दार आम्हां इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ओळखीचे वाटते. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांस खुले केले. पण ठरावाने ओंजळ भरली नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो सत्याग्रहींसह, द्वारपालास न विचारता, पाण्यापर्यंत चालत गेले. पुढे ठराव रद्द झाला, दिवाणी दावा गुदरला गेला. मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. पाणी प्यायल्यावरही बाबासाहेबांनी कागदाची लढाई अर्धी टाकली नाही.

मोरव्यातील पालकांसोबत जातीच्या दाखल्यांसाठी आम्हीही खिडक्यांपुढे उभे राहिलो आहोत. ‘साहेब नाहीत, उद्या या.’ साहेब कोण, हे कधीच कळत नाही. म्हणून विद्यार्थ्यांना आम्ही एवढेच शिकवतो : विनवू नका, नियम दाखवा म्हणा, नकार लेखी मागा आणि पुढे चाला.