मंदगतीचा तपास

जे यंत्र मुळीच चालत नाही त्याचा दोष शोधणे तुलनेने सुलभ असते. परंतु जे चालते, पण रडतखडत चालते, आणि तंत्रज्ञ समोर येऊन बसताच नेमके सुरळीत चालू लागते, त्याच्या तपासात चिकाटीची खरी कसोटी लागते. संगणकांची जाळी दुरुस्त करण्यात माझ्या आयुष्याचा मोठा भाग गेला आहे, आणि या गोष्टीचा सर्वांत स्पष्ट दाखला मला आष्टी तालुक्यातील कडा या गावी २०२३ च्या जुलै महिन्यात मिळाला.

कडा हे एकेकाळी निजामाच्या मुलखात, परंतु नगर जिल्ह्याच्या सरहद्दीजवळ वसलेले बाजाराचे गाव. आदल्याच वर्षीच्या सप्टेंबरात नगर–आष्टी लोहमार्ग सुरू झाल्याने आगगाडीही तेथे येऊ लागली होती. पर्जन्याच्या लहरीवर ज्या प्रदेशाचे सारे गणित अवलंबून, तेथे पीकविम्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. त्यातच त्या वर्षीच्या खरिपापासून शेतकऱ्यास हा विमा अवघ्या एका रुपयात मिळू लागला, आणि सातबाराचा उतारा, आधारकार्ड, बँकेचे पासबुक व पेऱ्याचे स्वयंघोषणापत्र हाती घेतलेल्या मंडळींनी एका सेवा केंद्राची ओसरी सकाळपासूनच भरून जाऊ लागली. आत मात्र पडद्यावरचे चक्र फिरत राही, भरलेला अर्ज ऐन शेवटच्या पायरीवर अडके, आणि ‘सर्व्हर डाऊन आहे, आबा, थोडं थांबा’ एवढाच खुलासा बाहेर पोचे. केंद्रचालक तरुणाने पदरचे पैसे घालून अधिक वेगाची जोडणी घेतली होती, तरीही दुखणे जागच्या जागी होते. म्हणून त्याने मला बोलाविले.

अशा प्रसंगी प्रथम फिर्यादीची कैफियत शांतपणे ऐकून घ्यावी, आणि नंतर तिच्यातील अनुमान व वस्तुस्थिती विलग करावी, हा माझा परिपाठ आहे. सर्व्हर बंद आहे हे अनुमान होते. दुपारच्या गर्दीत, विशेषतः कागदपत्रे चढविताना, सारेच संगणक एकदम अडखळतात, ही वस्तुस्थिती होती. मी ‘पिंग’ हे जुने साधन काढले. १९८३ साली माईक मूस या अमेरिकन अभियंत्याने लिहिलेली ही चिमुकली आज्ञावली दुसऱ्या यंत्राला एक हाक घालते आणि प्रतिसाद येण्यास किती वेळ लागला तेवढेच सांगते. एक हाक खोलीतल्या राउटरला, दुसरी सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या पहिल्या नाक्याला आणि तिसरी दूरच्या एका स्थळाला, अशा तीन हाका मी अखंड चालू ठेवल्या आणि केंद्राचे काम नेहमीप्रमाणे चालू द्या म्हणून सांगितले.

खोलीतले उत्तर एका मिलिसेकंदाच्या आसपास स्थिर राहिले. म्हणजे तारा, स्विच, राउटर निर्दोष. नाक्याचे उत्तर प्रारंभी दहा-बारा मिलिसेकंदांत येत होते. परंतु दोघा मुलांनी स्कॅन केलेली कागदपत्रे चढविण्यास आरंभ करताच ते शंभरावर, पाचशेवर, आणि बघता बघता दीड हजारावर गेले. दूरच्या स्थळाचे उत्तरही त्याच प्रमाणात लांबले, त्याहून अधिक नाही. विलंबाचा मुक्काम सापडला होता: तो दूरच्या सर्व्हरात नसून, राउटरच्या बाहेर पडणाऱ्या दाराशीच होता.

कारण असे, की जोडणीचा जो मोठा वेग जाहिरातीत मिरवतो तो उतरविण्याचा. चढविण्याचा वेग तेथे अवघा पाच मेगाबिट होता आणि नव्या योजनेतही तो तेवढाच राहिला होता. त्या अरुंद दारातून रंगीत, अवाढव्य आकाराचे स्कॅन तर जातच होते, पण भिंतीवरचे कॅमेरेही आपले चित्रण अहोरात्र बाहेर पाठवीत होते. राउटरच्या स्मृतीत एक मेगाबाइट मजकूर तिष्ठत राहिला, तर पाच मेगाबिटच्या वेगाने त्याचा निचरा होण्यास सुमारे १.६ सेकंद लागतात, आणि मागाहून आलेल्या प्रत्येक लहानसहान निरोपास तेवढे ताटकळावे लागते. वजनकाट्यापुढे कांद्याच्या गाड्या खोळंबल्या असता आवार वाढविले, तर रांग तेवढी लांबते, काटा काही अधिक वेगाने तोलीत नाही. तोच प्रकार येथे होता.

या व्याधीचा इतिहासही मननीय आहे. १९८६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातील, परस्परांपासून जेमतेम चारशे यार्डांवरच्या दोन संस्थांमधील दळणवळण सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळले. त्या आपत्तीतून व्हॅन जेकबसन यांनी गर्दी ओळखून आपणहून वेग आवरण्याची रीत घडविली. परंतु गर्दीची वर्दी मिळते ती मजकूर गळाल्यावर. पुढे स्मृती स्वस्त झाली, यंत्रांतील रांगा अवाजवी मोठ्या झाल्या, आणि ती वर्दीच उशिरा पोचू लागली. रांगेची लांबी न पाहता तीत किती काळ तिष्ठावे लागते ते पाहावे, असा इलाज जेकबसन व कॅथलीन निकोल्स यांनी २०१२ साली मांडला.

कड्यातील राउटर इतका सुजाण नव्हता. तरी त्यात चढविण्याची मर्यादा घालण्याची सोय होती. ती मी पाचाऐवजी साडेचार मेगाबिटांवर आणली व तातडीच्या लहान निरोपांना अग्रक्रम दिला, कॅमेऱ्यांचे चित्रण खोलीतच साठविण्याची तजवीज केली, आणि कागद कृष्णधवल व लहान आकारात स्कॅन करावेत असे ठरवून दिले. वेग किंचित कमी केल्याने काम जलद होते हे मुलांना प्रथम पटेना. नाक्याचा आकडा भर कामातही चाळिसाच्या आत राहू लागला, तेव्हा पटले.

सारा विलंब मात्र नाहीसा झाला नाही. ऐन दुपारी विम्याचे संकेतस्थळ स्वतःच दमत असे, आणि त्यावर कड्यातील कोणाचाही इलाज नव्हता. त्या वेळी बाहेरच्या मंडळींना विनाकारण बसवून न ठेवता पहाटेची वा रात्रीची वेळ द्यावी, एवढेच हाती होते. परंतु कोणते दुखणे आपले आणि कोणते परके, ही वाटणी झाली हाच खरा लाभ. कारण ती होईपर्यंत माणूस परक्या दोषावर पैसा ओततो आणि आपल्या दोषाला दैव मानतो. तिन्ही आकडे रोज वहीत टिपण्याची सवय मी त्या तरुणाला लावली. पुढे त्याचा दूरध्वनी आला तो असा: “सर, घरचा आकडा ठीक हाये, नाक्याचाबी ठीक हाये, तिकडंच आडलंय. लोकांना रातच्याला बोलावलंय.” या जबानीवर मला कड्यास जाण्याचे प्रयोजन उरले नाही.