शेजारची चाल

पौषात त्र्यंबक रस्त्यावरची हवा बोचरी असते, कारखान्यांच्या दिव्यांभोवती धुकं रेंगाळत असतं, आणि निवृत्तिनाथांच्या यात्रेला निघालेली एखादी दिंडी नाशिकच्या सातपुरातून जाऊ लागली की मृदंग आधी छातीत वाजतो, मग कानात, आणि रात्रपाळी करून सुटलेल्या, डोळे जड झालेल्या माणसांच्या बुटांची टोकं नकळत ठेका धरतात. कुणी कुणाला काही सांगत नाही.

गाणं पोचतं.

साठच्या दशकात इथे एमआयडीसी आली आणि तिच्यामागे माणसं आली. धुळ्या-जळगावची, मराठवाड्यातली, पार उत्तर प्रदेश-बिहारची. पत्र्याच्या पेटीत मावलं नाही ते त्यांनी गळ्यातून आणलं.

माझे कान रेडिओवरच्या भावगीतांवर वाढलेले. अहिराणी चाल मला दिली ती शेजारच्या काकूंनी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी त्यांच्याकडे कानबाई, खानदेशातली देवी, बसते. घर लख्ख, रोटांचा खरपूस वास, नथ ल्यालेला नारळ. आणि रात्र चढत जाते तसे बायकांचे आवाज एकमेकींवर चढत जातात, इकडून उचललेली ओळ तिकडे झेलली जाते, निम्मे शब्द कळतात, निम्मे नुसते अंगावरून वाहून जातात. मी अर्थ विचारला. "अर्थ मग सांगते, आधी बस," काकू म्हणाल्या.

बसले.

पुढे एका दुपारी मी त्यांना द. वि. पलुसकरांचं भजन ऐकवलं. नाशकात १९२१ साली जन्मलेले पलुसकर १९५५मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. जुन्या तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मिळायची, तेवढ्यात ते सगळा ऐसपैस उजेड मांडून जायचे. काकूंनी डोळे मिटले. "यांना घाई नाही," एवढंच म्हणाल्या. किती वर्षं ते भजन माझ्याजवळ होतं, पण ती निवांत जागा मला त्यांच्या कानांनी दाखवली.

आवडतं गाणं दुसऱ्याला ऐकवताना छाती धडधडते. समोरच्या चेहऱ्यावर काही हललंच नाही तर? आपल्या आतली अगदी मऊ जागा आपण उघडी केलेली असते.

गल्लीतल्या टर्नर मुलाने वामनदादा कर्डकांचं गाणं लावलं तेव्हा तो असाच श्वास रोखून माझ्याकडे बघत होता. १४ एप्रिलला, आंबेडकर जयंतीला, ती गाणी कर्ण्यावरून, गर्दीतून, निळ्या झेंड्यांच्या फडफडीतून कानी पडत आलेली. त्याने इअरफोनचं एक टोक मला दिलं आणि पहिल्यांदाच शब्द सुटे सुटे, जवळून ऐकू आले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा मोठेपणी अक्षरं शिकले आणि गावोगाव गात हिंडले. "ताई, हे माझ्या आजोबांचं आवडतं," मुलगा हळूच म्हणाला. न पाहिलेले ते आजोबा मला त्या चालीत मांडी घालून बसलेले दिसले.

मोबाइल रोज नवी गाणी सुचवतो, आणि ती सगळी माझ्या जुन्याच आवडीच्या नात्यातली निघतात. कानबाई त्याने मला कधीच सुचवली नसती. अशी गाणी माणसाने माणसालाच द्यावी लागतात.

येत्या श्रावणात, कानबाईच्या रविवारी, सातपूरला या. उघड्या दाराशी थांबा, बोलावतील, बसा. आणि निघताना तुमचं एक गाणं मात्र देऊन जा.