बोर्ड कुठे बसवायचा

घराचे वायरिंग म्हणजे त्या घरात माणसे कशी राहणार याचा आधीच बांधलेला अंदाज. कोण कुठे बसेल, कोण कुठे निजेल, ओटा कुठे, देवघर कुठे, पाणी कुठून वर चढेल, हे ठरले की तारेची वाट ठरते. बीड जिल्ह्यात आज साठीला आलेल्या माणसाने हा अंदाज निदान दोनदा मोडून नव्याने मांडलेला पाहिला आहे. दोन्ही वेळा आधी छत बदलले, मागोमाग वायरिंग.

त्याच्या लहानपणीचे छत माळवदाचे. दगडमातीच्या हातभर रुंद भिंती, लाकडी खांब, त्यांवर तुळया, फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा थर. संध्याकाळ कोनाड्यातल्या चिमणीवर आणि खुंटीच्या कंदिलावर भागे. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले, परळीच्या औष्णिक केंद्राचा ३० मेगावॉटचा पहिला संच १९७१ मध्ये सुरू झाला. खेड्यापाड्यांत विजेचे खांब मात्र सावकाश पोचले. मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही, म्हणून तार लाकडाच्या आधाराने चाले. तुळईवर सागवानी पट्टी ठोकायची, पट्टीवर पत्र्याच्या बारीक क्लिपा, क्लिपांत तार. खांबावरून उतरून ती गोल लाकडी ठोकळ्यावरच्या काळ्या बॅकेलाइटच्या बटणाशी थांबे. दिवा एक ढाळजेत, एक स्वयंपाकघरात. काही घरांत तर मधल्या भिंतीला भोक पाडून एकाच बल्बवर दोन खोल्या उजळत.

या पद्धतीचा गुण असा की सारे डोळ्यांसमोर असे. तार कुठे काळवंडली, उंदराने कुठे कुरतडली, ते खाटेवर पडल्या पडल्या दिसे. दोष फ्यूजचा नव्हता, फ्यूज बांधणाऱ्या हाताचा होता. चिनीमातीच्या ग्रिपमध्ये केसासारखी तार हवी, ती सारखी उडते म्हणून जाड तार गुंडाळली जाई. मग फ्यूज टिकायचा आणि छतातली तार तापायची, तीही सुक्या लाकडावर.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने शेजारच्या लातूर-उस्मानाबादेत दगडमातीची घरे माणसांवर कोसळली. माळवदाची धास्ती साऱ्या मराठवाड्याने घेतली आणि ज्याला जमले त्याने पत्रा किंवा स्लॅब गाठला. आधी विटांच्या भिंतींवरून प्लास्टिकची केसिंगपट्टी धावू लागली. पुढे तीही डोळ्यांना खुपू लागली आणि तार भिंतीच्या पोटात गेली.

तार पोटात गेली तेव्हापासून नियोजनाला खरी किंमत आली, कारण आता चूक झाली तर छिन्नी-हातोडा लागतो. स्लॅबच्या सळया बांधून झाल्या की काँक्रीट पडण्याआधी वायरमनला एखादा दिवस मिळतो. तेवढ्यात पंख्याचे हुकाचे डबे, दिव्यांच्या जागा आणि त्यांना जोडणारे पाइप बसवून, तोंडे बोळ्यांनी बंद करावी लागतात. नाहीतर सिमेंटचे पाणी आत शिरून पाइप कायमचा बुजतो. मालक त्या दिवशी बहुधा खडी-सिमेंटच्या हिशेबात आणि मजुरांच्या जेवणात गुंतलेला. गावातला झिरो, म्हणजे बिनपरवान्याचा, वायरमन विचारतो, “पॉइंट किती काढायचे?” उत्तर मिळते, “घाला अंदाजाने.” पुढची तीस वर्षे घर त्या अंदाजात राहते.

पॉइंट किती, यापेक्षा पॉइंट कोणासाठी हा प्रश्न आधी हवा. दिवाणखान्यात टीव्हीच्या भिंतीवर सहा सॉकेट निघतात आणि ओट्यावर एक, त्यावर मिक्सर, वॉटर फिल्टर आणि शेगडी पाळीपाळीने. ओट्याचा बोर्ड कुठे हवा हे तिथे रोज उभी राहणारी बाई खडूने भिंतीवर खूण करून दाखवू शकते, पण तिला क्वचितच विचारले जाते. वायरिंगमधली सर्वांत सामान्य चूक तांत्रिक नाहीच, ती ही आहे.

दुसरी बाब या जिल्ह्याचीच. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबात दिवाळीच्या सुमारास कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, कारखान्याच्या वाटेला लागतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततो. आगाऊ घेतलेली उचल फेडता फेडता बांधलेल्या त्या घरात निम्मे वर्ष म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे राहतात. तेव्हा मेन स्विच आजीच्या हाताला पोचेल इतका खाली, खाटेजवळ टू-वे बटण, न्हाणीच्या वाटेवर दिवा आणि पोरांची बोटे जाणार नाहीत असे झडपेचे सॉकेट, हे चैनीत मोडत नाही. भारनियमन सोसलेल्या गावांत इन्व्हर्टरची तारही स्लॅबच्या वेळीच वेगळी ओढलेली बरी. तिच्यावर प्रत्येक खोलीत एक दिवा, एक पंखा पुरतो.

हिशेब अवघड नाही. दोन हजार वॉटचा गीझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास ओढतो. त्याला १६ अँपिअरचे सॉकेट आणि २.५ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार. बोअरच्या मोटारीलाही स्वतंत्र तार. दिव्यापंख्यांना दीड पुरते. फेज बटणातूनच जायला हवा. चुकून न्यूट्रल बटणात घेतला तर दिवा विझतो, पण होल्डर जिवंत राहतो.

घरातली सर्वांत धोक्याची वस्तू खिडकीतला पत्र्याचा कूलर. पाणी, लोखंड आणि उघड्या पायांनी त्याला टेकणारी पोरे एकाच जागी जमतात. त्याच्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. गेलेला आणि परतलेला प्रवाह जुळेनासा झाला, म्हणजे काही वीज भलत्या वाटेने जमिनीत चालली, की तो क्षणात पुरवठा तोडतो. वीजजोडणीसाठी परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. तो कागद घरबसल्या मिळतो म्हणून घेऊ नये. ५०० व्होल्टच्या मेगरने तारेचे इन्सुलेशन किमान एक मेगाओहम भरते का, हे समोर उभे राहून पाहावे.

अर्थिंगवर मात्र सगळेच हात आखडतात, कारण ते दिसत नाही. अडीच मीटरचा जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप, भोवती कोळसा आणि मीठ यांचे आळीपाळीने थर, वर पाणी ओतायचे तोंड; एवढेच ते. पण ते ओलीवर चालते. पाण्यावाचून २०१५ मध्ये परळीचे संच बंद ठेवावे लागले होते, मग परसातल्या खड्ड्याची काय कथा. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, मुरूम ओल धरत नाही, आणि पाइप नुसताच गाडलेला राहतो. तेव्हा चैत्रापासून मृगापर्यंत आठवड्याला दोन बादल्या त्या खड्ड्यात ओताव्यात. टँकरचे पाणी विकत घेणाऱ्याला हे जिवावर येईल. भांडी विसळलेले पाणीही चालते.