माझ्या डोळ्यांचा दोष

मी वैमानिकच व्हायचो, पण डोळ्यांनी घात केला, ही गोष्ट आमच्या घरात गेली चाळीस वर्षे सर्वमान्य आहे. आईने ती वाड्यात सांगितली, लग्न ठरताना मुलीकडच्यांना सांगितली, सौ.ने ती माहेरी सांगितली. आणि आमच्या कन्येने शाळेत ‘माझे वडील’ या निबंधात घालून दहापैकी आठ गुण मिळवले. गोष्ट साफ खोटी आहे. माझे डोळे उत्तम होते. आजसुद्धा वाचायचा चष्मा सोडला तर डॉक्टरांना त्यांत विशेष काही सापडत नाही.

हे खोटे कसे जन्माला आले ते सांगायचे तर १९८४ सालात जावे लागेल. त्या वर्षी ३ एप्रिलला राकेश शर्मा अंतराळात गेले. आपल्या हवाई दलातला एक स्क्वाड्रन लीडर रशियनांच्या सोयुझ यानात बसून पृथ्वीभोवती घिरट्या घालतो, या बातमीने त्या उन्हाळ्यात किती तरी नव्या बी.एस्सी. पदवीधरांची झोप उडवली असेल. त्यांतला एक मी. बावीस वर्षांचा, भौतिकशास्त्र घेऊन दुसऱ्या वर्गात पास झालेला, सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत राहणारा. वर्तमानपत्रातली जाहिरात कापून ठेवली आणि अर्ज केला. त्याच आठवड्यात अण्णांच्या आग्रहाने बँकेच्या परीक्षेचाही फॉर्म भरला होता. दोन्ही पाकिटे मी एकाच दिवशी, एकाच रांगेत उभा राहून रजिस्टर केली. खिडकीतल्या कारकुनाने दोन्ही पत्ते वाचले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. त्याचे मत काय पडले ते समजले नाही.

बँकेचे उत्तर आधी आले. परीक्षा झाली, मुलाखत झाली, नेमणुकीचे पत्र आले. रुजू व्हायच्या तारखेच्या पंधरा दिवस आधी डेहराडूनला निवड मंडळापुढे हजर राहण्याचे बोलावणे आले. अण्णा सरकारी कचेरीत होते. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त हिशेब मांडला. बँकेत इतका पगार, इतकी वाढ, अमुक वर्षांनी घरासाठी कर्ज, शेवटी फंड. हवाई दलाच्या बाजूला त्यांनी पगार मोठा लिहिला, मान मोठा लिहिला आणि खाली काहीच न लिहिता पेन्सिल ठेवून दिली. मग म्हणाले, “विमान वर जाताना मला दिसतं. खाली आलं की नाही, ते दुसऱ्या दिवशी पेपरात वाचायचं, हे मला जमणार नाही. पण तू जाऊन ये.” आई काहीच बोलली नाही. तिने डिंकाचे लाडू केले, तेही भर उन्हाळ्यात.

स्टेशनवर निम्मा वाडा पोचवायला आला होता. हेच पुढे नडले.

डेहराडूनचे दिवस मात्र आयुष्यातले चांगले दिवस होते. छातीवर आकडा बांधायचा आणि नाव विसरायचे. साठ शब्द एकामागून एक दाखवीत. प्रत्येकाला पंधरा सेकंद. तेवढ्यात मनात येईल ते वाक्य लिहायचे. चित्रे दाखवून गोष्टी लिहायला लावीत. मैदानात पिंपे, फळ्या आणि दोर देऊन, जमिनीला पाय न लावता ओढा ओलांडायचा आहे असे समजा, म्हणून सांगत. ओढा नव्हता, चुन्याच्या रेघा होत्या. वाड्यातल्या सामायिक नळाचा प्रश्न सोडवलेल्या माणसाला हे अवघड नव्हते. मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्याने मला पुण्यातल्या गणेशोत्सवाबद्दल विचारले आणि मी इतका बोललो की शेवटी त्यांनीच घड्याळ पाहिले.

आणि मग ती यंत्राची परीक्षा. वैमानिकाला लागणारी उपजत हातोटी तुमच्यात आहे की नाही, हे ती सांगते. खुर्चीत बसायचे, समोर पडदा, हातात दांडा, पायांखाली दोन पॅडल. पडद्यावर एक ठिपका सैरावैरा पळत असतो. दांड्याने तो वरखाली होतो, पॅडलने डावी-उजवीकडे जातो. त्याला मधल्या चौकोनात धरून ठेवायचे. एवढेच असते तरी निभावले असते. पण मध्येच एखादा दिवा लागे, मध्येच घंटी वाजे. तो दिवा, ती घंटी डाव्या हाताने बंद करायची, आणि ठिपका मात्र सोडायचा नाही. मी काय केले? दिवा लागला की दिव्याकडे पाहिले. तो शहाण्यासारखा बंद केला. मान वळवून पाहतो तो ठिपका पडद्याच्या पार कोपऱ्यात! त्याला गोळा करून आणीपर्यंत घंटी. सरावाची फेरी झाली, खरी फेरी झाली, पुन्हा झाली. मी प्रत्येक वेळी दिव्याकडेच पाहिले.

या परीक्षेचा एक नियम आहे, आणि तो आजही तसाच आहे: ती आयुष्यात एकदाच देता येते. लेखी परीक्षेत नापास झालात तर पुन्हा बसा. मंडळाने नाकारले तर वय आहे तोवर पुन्हा या. पण यंत्राने एकदा नाही म्हटले की वैमानिकाची वाट कायमची बंद. शिकवून येणारी ही गोष्ट नव्हे, असे त्यामागचे म्हणणे. मला ते पटते. पण बावीसाव्या वर्षी, परतीच्या गाडीत, जन्मभराचा निकाल खिशात घेऊन बसलेल्या मुलाला ते पटत नव्हते.

पुणे जवळ आले तसे माझ्या डोळ्यांपुढे स्टेशनवरचा निम्मा वाडा उभा राहिला. हात आणि पाय यांचा मेळ बसला नाही म्हणून परत पाठवले, हे सदाशिव पेठेत सांगायचे कसे? पुढची दहा वर्षे मी सायकलवरून गेलो तरी लोकांनी गॅलरीत येऊन पाहिले असते. डोळ्यांचे तसे नाही. डोळे देवाने दिलेले. त्यांत दोष निघाला तर लोक हळहळतात. दौंड सोडताना माझे ठरले होते.

वाडा हळहळला. अण्णांनी सुटकेचा निःश्वास टाकला तो त्यांना लपवता आला नाही. आई मात्र कामाला लागली. सकाळी त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुवायचे. दुपारी गाजर, पपई. रात्री तळपायांना तूप लावून काशाच्या वाटीने घासायचे. हे चार महिने नव्हे, चार वर्षे चालले. बँकेतून दमून आलेल्या मुलाचे पाय मांडीवर घेऊन ती माउली अर्धा अर्धा तास वाटी घासत बसे आणि म्हणे, “आणखी थोडं आधी कळलं असतं तर!” मामांनी एकदा मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी शेवटची बारीक ओळसुद्धा वाचून घेतली आणि दोष कुठला म्हणून विचारले. “हवाई दलाचं मोजमाप निराळं असतं,” मी म्हणालो. एक खोटे किती नोकर ठेवते!

पुढे ‘अग्निपंख’ वाचले. त्यात अब्दुल कलामांनी लिहिले आहे की १९५८ साली तेही डेहराडूनला याच आशेने गेले होते. पंचवीस उमेदवारांत ते नववे आले आणि घेतले आठ. मोठ्या माणसाला ‘नववा आलो’ हे लिहिता येते. तेच कलाम राष्ट्रपती झाल्यावर ८ जून २००६ रोजी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, आमच्या लोहगावहून सुखोईत बसून उडाले. तोवर आम्ही पेठ सोडून विश्रांतवाडीला आलो होतो. उशिरा झालेली कन्या दोन वर्षांची होती. तिला खांद्यावर घेऊन मी गच्चीवर उभा राहिलो. कानठळ्या बसवीत जाणाऱ्या विमानांपैकी त्यांचे कोणते ते मला कळले नाही. पण ती भ्यायली नाही, टाळ्या वाजवीत होती, एवढे आठवते.

तीच कन्या आता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना एका संध्याकाळी म्हणाली, “बाबा, मी एअर फोर्सचा फॉर्म भरलाय. फ्लाइंग ब्रँच.”

माझ्या वेळी मुलींना हे दारच नव्हते. माझी धाकटी बहीण माझ्या दुप्पट चपळ होती. एका दगडात कैरी पाडी आणि खाली पडायच्या आत झेलीही. त्या यंत्रापुढे खरे तर तिला बसवायला हवे होते. मुलींना वैमानिक म्हणून घ्यायला सुरुवात झाली ती १९९० नंतर. लढाऊ विमानांवरच्या पहिल्या तिघी २०१६ साली दुंडिगलच्या अकादमीतून बाहेर पडल्या. २०२२ पासून खडकवासल्याच्या प्रबोधिनीतही मुली जाऊ लागल्या. त्या वर्षी कन्या अठराची होती आणि प्रबोधिनी आमच्या गावातच. पण इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या धांदलीत घरात कोणालाही ते सुचले नाही.

आता घरात हिशेब मांडायची पाळी माझी होती, आणि अण्णांची पेन्सिल माझ्या हातात कधी आली ते मला कळले नाही. हिंजवडीच्या एका कंपनीचे नेमणूकपत्र तिला कॉलेजातच मिळालेले. या वाटेने हवाई दलात गेली तर नोकरी चौदा वर्षांची, आणि निवृत्तिवेतन नाही. म्हणजे सदतीसाव्या-अडतीसाव्या वर्षी पुन्हा नवा डाव. सौ.चा तिसरा पर्याय: उडायचेच आहे ना, मग प्रवासी विमाने चालव, बारामतीला शिकवतात, गोंदियाला शिकवतात. चौकशी केली. परवान्याला किमान दोनशे तास उड्डाण हवे आणि सगळा खर्च अर्ध्या कोटीच्या घरात जातो. मी बँकेत कर्जखात्यावर बसलेला माणूस. तारण काय, तर आमचा राहता फ्लॅट! कन्या म्हणाली, “तिथे आपण पैसे द्यायचे. इथे शिकतानाच महिना छप्पन हजार शंभर रुपये ते मला देणार.” हिशेबापुरते तिचे बरोबर होते. पण सौ.ची बाजू हिशेबाची नव्हतीच. १९६३ साली आलेली मिग-२१ विमाने २०२५ च्या सप्टेंबरात निवृत्त झाली, ती बातमी तिने मला मोठ्याने वाचून दाखवली होती आणि पेपर घडी करून उशाखाली ठेवला होता. तिला काय म्हणायचे होते ते आम्हांला कळले. मी काही बोललो नाही. अण्णांनी कागद का कोरा ठेवला होता, ते मला त्या दिवशी समजले.

लेखी परीक्षा ती पास झाली. शंभर प्रश्न, तीनशे गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. म्हैसूरचे बोलावणे आले. जेवताना ती म्हणाली, “मला भीती फक्त त्या मशीनची वाटते. पण बाबा त्यात पास झाले होते. हात-पाय तर मी तुमचेच घेतलेत ना?”

घास तोंडात फिरू लागला. रात्रभर झोप नाही. पहाटे ती गच्चीवर धावायला आली तेव्हा मी तिला सगळे सांगितले.

मला वाटले होते ती हसेल. ती हसली नाही. “म्हणजे इतकी वर्षं मी जे धरून बसले होते ते नव्हतंच,” एवढेच म्हणाली आणि खाली गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आपले खोटे आपल्यापुरतेच आहे, असे मी चाळीस वर्षे समजत होतो. त्यावर कोणी तरी पाय देऊन उभे आहे, हे मला ठाऊक नव्हते.

तिसऱ्या दिवशी ती आपणहून शेजारी येऊन बसली. “नक्की काय चुकलं ते सांगा. सगळं.”

“दिवा लागला की मी दिव्याकडे पाहत होतो.”

“आणि ठिपका?”

“तो जात होता.”

ती बराच वेळ विचार करीत होती. मग म्हणाली, “मग बँकेत छत्तीस वर्षं कशी काढलीत?”

“तिथे एका वेळी एकच दिवा लागतो,” मी म्हणालो. आता मात्र ती हसली.

ते जुने यंत्र आता राहिलेले नाही. त्याच्या जागी संगणकावरची नवी पद्धत आली आहे. पण ‘एकदाच’ तेवढे तसेच आहे. ती एकटीच गेली. स्टेशनवर तिने कोणालाही येऊ दिले नाही. पाचव्या दिवशी रात्री फोन आला. मंडळाने निवडले होते, आणि यंत्रानेही. “बाबा, दिवा लागला तेव्हा तुमचीच आठवण आली. म्हणून पाहिलं नाही,” ती म्हणाली. सौ.ने फोन माझ्या हातातून घेतला आणि काहीही न बोलता परत दिला.

अजून काहीच नक्की नाही. बंगळूरला वैद्यकीय तपासणी व्हायची आहे. तिथे पायांची, मांडीचीसुद्धा लांबी मोजतात, कारण कॉकपिटात माणूस नीट मावायला हवा. त्यानंतर गुणवत्ता यादी. तीत नाव वर हवे, नाही तर सगळे करूनही घरीच. कंपनीची तारीख त्याआधी येते. तिने तिथल्या साहेबांना खरे काय ते सांगून टाकले आहे, की मी रुजू होईन, पण बोलावणे आले तर जाईन. मी हे सुचवले नव्हते. असले सुचण्याचा माझा लौकिकही नाही.

आईला आता पंच्याऐंशी पूर्ण झाली. तिला ऐकू कमी येते, पण ‘डोळे तपासणार’ एवढे शब्द तिने बरोबर टिपले. “घराण्यातच दोष आहे, पोरी,” ती म्हणाली, “तुझ्या बापाचं काय झालं ठाऊक आहे ना?” कन्येने माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहिले. मग तिने आजीपुढे पाय पसरले. आईने माळ्यावरच्या ट्रंकेतून ती काशाची वाटी काढायला लावली, चिंचेने घासून घेतली आणि रोज रात्री नातीचे तळपाय घासायला सुरुवात केली आहे. तिचा हात आता थरथरतो, पण अर्धा तास ती पुरा करते.

मला तिने गाजरे आणायला सांगितले. मी पिशवी घेऊन मंडईत गेलो आणि दोन किलो घेऊन आलो.