नारू कुठे गेला?

खेड्यात वाढलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही एकदा विचारा, "नारू पाहिलाय का?" अनेक जण लगेच पायाकडे बोट दाखवतील. पायावर फोड यायचा, जळजळ व्हायची आणि फोड फुटला की दोन-तीन फूट लांबीचा, दोऱ्यासारखा जंत हळूहळू बाहेर यायचा. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. घाईत तुटला, तर पाय सुजून पू व्हायचा. ऐन पेरणीत घरातला कर्ता माणूस काही आठवडे खाटेवर.

नाशिकमधल्या माझ्या इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये नारूचा एकही रुग्ण आलेला नाही. आम्ही तो पुस्तकात वाचला आणि परीक्षेत लिहिला. गंमत म्हणजे, या आजारावर औषध नव्हतं आणि लसही नव्हती. आजही नाही. मग तो गेला कसा?

आधी तो व्हायचा कसा, ते पाहू. नारू झालेला माणूस पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की फोडातला जंत पाण्यात हजारो अळ्या सोडायचा. पाण्यातला सायक्लॉप्स नावाचा बारीक जीव त्या गिळायचा. ते पाणी न गाळता प्यायलेल्या माणसाला सुमारे वर्षभराने फोड यायचा. म्हणजे ही साखळी तोडण्याची जागा दवाखान्यात नव्हती, विहिरीवर होती.

संयुक्त राष्ट्रांनी १९८१ ते १९९० हे पेयजल आणि स्वच्छता दशक जाहीर केलं. त्याच काळात भारताने नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. महाराष्ट्र हे नारूग्रस्त राज्यांपैकी एक होतं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ मदतीला होत्या. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून पोहऱ्याने पाणी काढायच्या विहिरी केल्या, सायक्लॉप्स मारणारं औषध पाण्यात टाकलं, गावोगाव रुग्ण शोधले आणि पाणी कापडाने गाळायला शिकवलं.

दुसरी मोठी मदत हातपंपाची. दख्खनच्या काळ्या पाषाणात बोअर घेणं हाताने शक्य नव्हतं. युनिसेफने परदेशातून खोदाई यंत्रं आणली. पण त्यावर बसवलेले बिडाचे पंप अख्ख्या गावाच्या वापराने मोडायचे आणि बायका पुन्हा जुन्याच विहिरीवर जायच्या. यावर उपाय आपल्याच राज्यात निघाला. जालना आणि सोलापूरच्या मिशनच्या कार्यशाळांमध्ये पोलादाचे दणकट पंप तयार झाले. सोलापूरच्या पंपाच्या रचनेवरून सत्तरच्या दशकात 'इंडिया मार्क टू' हातपंप घडला. पुढे तो आफ्रिकेतल्या अनेक देशांत पोहोचला. मदत फक्त तिकडून इकडे आली असं नाही, इकडून तिकडेही गेली.

भारतातला नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला. त्यानंतरही काही वर्षं शोध चालू ठेवला आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र मिळालं. १९८६ च्या सुमाराला जगात नारूचे अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. २०२३ मध्ये माणसांमधले फक्त १४ उरले.

हे सगळं आज सांगण्याचं कारण माझ्या ओपीडीत दिसतं. दर पावसाळ्यात जुलाब, टायफॉइड आणि कावीळ घेऊन लोक येतात. उन्हाळ्यात पेठ-सुरगाण्याकडे पाणी टँकरने येतं किंवा तळ गाठलेल्या विहिरीतून खरवडून काढावं लागतं. शहरात पाणी शुद्ध करून सोडलं, तरी ते ठरावीक वेळच येतं. पाणी बंद असताना गळक्या पाइपमध्ये आजूबाजूचं सांडपाणी शिरू शकतं. हिपॅटायटिस ई ही कावीळ अशीच पसरते. बहुतेकांची ती आपोआप बरी होते, पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर स्त्रीच्या जिवावर बेतू शकते.

आणि इथे फडक्याने गाळून भागत नाही. सायक्लॉप्स कापडात अडकतो. जिवाणू आणि विषाणू त्यातून सहज पार होतात. म्हणून एवढं करा:

१. गढूळ पाणी आधी गाळा, मग खळखळ उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू द्या.

२. उकळणं शक्य नसेल तर क्लोरीनचं द्रावण किंवा गोळी वापरा. प्रमाण वेष्टनावर लिहिलेलं असतं. पाणी अर्धा तास तसंच ठेवून मगच प्या.

३. माठात हात किंवा पेला बुडवू नका. लांब दांड्याचं ओगराळं किंवा नळाचा माठ वापरा.

४. गावात टीसीएल पावडर वेळेवर पडते का, ओटी टेस्ट होते का, हे ग्रामपंचायतीत विचारा. विचारणं हा तुमचा हक्क आहे.

५. जुलाब सुरू होताच जलसंजीवनी द्या. लघवी कमी झाली, माणूस मलूल पडला किंवा शौचात रक्त दिसलं, तर लगेच दवाखाना गाठा. घरात गरोदर बाई असेल आणि डोळे पिवळे दिसले, तर एक दिवसही थांबू नका.

नारू घालवायला जिनिव्हापासून ग्रामपंचायतीपर्यंत सगळे राबले. पण रोज पाणी गाळण्याचं काम घरातल्या बाईनेच केलं. आता हे काम तिच्या एकटीवर टाकू नका. आज रात्री माठ कोण घासणार आणि पाणी कोण उकळणार, हे घरात बसून ठरवा.