माझेच पॅसेंजर

अण्णांच्या आजारपणात डॉक्टरांचे आभार मानले, नर्सबाईंच्या हातात पेढ्यांचा बॉक्स दिला. पण ज्यांचं देणं सगळ्यांत मोठं, त्यांची नावंसुद्धा मला ठाऊक नाहीत.

प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरला होता. कंबर, बरगड्या, खांदा, सगळीकडे ठणका. मॉर्फिननं तो दबायचा, पण त्याबरोबर माणूसही दबायचा. दिवसभर गुंगी आणि पोट साफ नाही. एकच जागा असती तर बाहेरून रेडिएशनचा शेक दिला असता, पण इतक्या ठिकाणी किती देणार? तेव्हा डॉक्टरांनी समेरियमचं इंजेक्शन सुचवलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "यानं आजार हटणार नाही. दुखणं कमी व्हावं, एवढ्यासाठीच." त्या स्पष्टपणामुळे आम्ही भलत्या आशेला लागलो नाही. तेही एक ऋणच.

असा कॅन्सर जिथे पसरतो, तिथलं हाड नव्यानं घडायची धडपड करत खनिज ओढून घेत असतं. समेरियम-१५३ ज्या फॉस्फोनेटशी बांधून देतात, ते नेमकं तिथेच जाऊन चिकटतं. त्यातले बीटा कण काही मिलिमीटरपलीकडे पोचत नाहीत. हाडात न गेलेलं औषध पहिल्या काही तासांत लघवीवाटे निघून जातं.

परळला शिशाच्या जाड डब्यातून इवलीशी बाटली निघाली. डोस वजनावर, किलोमागे १ मिलिक्युरी. टेक्नॉलॉजिस्ट ताई सुई लावता लावता बजावत होत्या, "काका, लघवी बसूनच करायची, दोनदा फ्लश करायचं. नातवाला थोडे दिवस मांडीवर घ्यायचं नाही. आणि सुरुवातीला दुखणं वाढलं तर घाबरू नका."

"हे येतं कुठून?" अण्णांनी विचारलं.

"ट्रॉम्बेहून. अणुभट्टीत तयार होतं."

अण्णा खुदकन हसले. बेस्टमध्ये ड्रायव्हर होते. अणुशक्तीनगरच्या फेऱ्या त्यांनी वर्षानुवर्षं मारल्या होत्या. "म्हणजे माझेच पॅसेंजर!"

दुखणं खरंच वाढलं. ताईंनी आधी बजावलं नसतं तर आम्ही रात्रीच टॅक्सी केली असती. मग ते हळूहळू ओसरलं. एका सकाळी अण्णा आरशासमोर उभे राहून स्वतःची दाढी करताना दिसले. मॉर्फिन निम्म्यावर आलं. हे औषध हाडातल्या मज्जेलाही दमवतं, म्हणून प्लेटलेट तपासायला खेपा घालाव्या लागल्या. नवरात्रात घेतलेल्या इंजेक्शनानं संक्रांतीपर्यंत साथ दिली. मग दुखणं परतलं आणि होळीच्या आधी अण्णा गेले.

समेरियमचं अर्धआयुष्य सुमारे ४६ तासांचं. आज भरलेली बाटली परवा निम्मीच उरते, साठा करून ठेवायची सोयच नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रातली ध्रुव अणुभट्टी १९८५ साली सुरू झाली, ती अशाही कामाला येते. तिथे कुणीतरी समेरियम भट्टीत ठेवलं, कुणी ते बाहेर काढून औषधाच्या रूपात आणलं, कुणी तपासलं, कुणी शिशात बंद करून वेळेत पोचवलं. परळला कुणीतरी खोळंबलंय, हे धरूनच त्यांचं काम चालतं. दुकानातल्या गोळ्यांचा हिशेब बिलाबरोबर मिटतो. हा मिटत नाही.

म्हणून हे लिहिलं. तुमच्यापैकी कुणी वाचलंच, तर एवढं कळावं: तुम्ही वेळ गाठलीत, म्हणून एका म्हाताऱ्या ड्रायव्हरला शेवटच्या दिवाळीत सगळ्यांबरोबर पाटावर बसून फराळ करता आला.