इंजिनाचा ज्वर

ज्वर हा रोग नव्हे, रोगाचें चिन्ह होय, ही गोष्ट आमच्या घरांतील वृद्ध माणसें आम्हांस लहानपणापासून सांगत आलीं. परंतु घरांतील मनुष्यास ताप आला असतां जो विवेक आपण दाखवितों, तो मोटारीस ताप आला म्हणजे कोठें जातो कोण जाणे! मुलाचें अंग तापलें म्हणून त्याचें हृदय, फुप्फुसें आणि यकृत हीं तिन्ही बदला, असें सांगणाऱ्या वैद्यास आपण दारांतूनच परत पाठवूं. मोटारीच्या बाबतींत तसाच सल्ला देणाऱ्यास मात्र आपण आगाऊ पैसे देतों. तर्कशास्त्र शिकविण्यांत आमचीं सव्वीस वर्षें गेलीं. त्या शास्त्राचा इतका चोख उपयोग आम्हीं एकदांच पाहिला, आणि तो घोटी येथें, हात काळे झालेल्या एका मिस्त्र्याच्या दुकानीं.

मोटारीचें इंजिन हें मुळांत आगीचें घर. नळकांड्यांत पेटणाऱ्या वायूची उष्णता क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्याहि वर जाते. आणि ज्या ॲल्युमिनियमचा हल्लीं इंजिनाचा माथा ओततात, तें ६६० अंशांवर वितळतें. तरीहि माथा शाबूत राहतो, याचें श्रेय त्याच्याभोंवतीं खेळणाऱ्या पाण्याला. पेट्रोलांतील एकंदर उष्णतेपैकीं ढोबळ मानानें एक तृतीयांश उपयोगी कामीं लागते, एक तृतीयांश धुराबरोबर निघून जाते, आणि जवळजवळ तितकीच या पाण्याला बाहेर वाहून न्यावी लागते. पंप पाणी फिरवितो, रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जातांना वारा त्याला निववितो, आणि थर्मोस्टॅट नांवाचा, मेणाच्या गोळीवर चालणारा द्वारपाल, पाणी ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापेतों रेडिएटरची वाट अडवून धरतो. कारण फार थंड इंजिनहि नीट चालत नाहीं. मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर विल्हेल्म मायबाख या जर्मन यंत्रज्ञानें १९०० च्या सुमारास सिद्ध केला. फोर्डच्या बहुतेक मॉडेल टी गाड्यांत तर पंपहि नव्हता. गरम पाणी हलकें होऊन वर चढतें आणि निवलेलें खालीं उतरतें, एवढ्या निसर्गनियमावर त्यांचा सारा कारभार चाले.

या व्यवस्थेची परीक्षा घ्यावी ती कसारा घाटानें, जुन्या लोकांच्या बोलण्यांतील थळघाटानें. १८६५ सालीं येथून आगगाडी वर चढली. लोहमार्गाचा चढ सदतीस फुटांस एक फूट असा आहे, आणि बहुतेक लांब गाड्यांस आजहि कसाऱ्यास मागून जादा इंजिनें लावावीं लागतात. मोटारीस मागून कोण रेटणार? आमच्या तरुणपणीं उन्हाळ्यांत हा घाट चढूं लागलों कीं वळणावळणावर झांकणें उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसत. त्यांचा पंखा पट्ट्यानें इंजिनालाच जोडलेला असे. चढावर गति मंद, म्हणून समोरचा वारा कमी. इंजिनाचे फेरे कमी, म्हणून पंखाहि मंद. आणि श्रम मात्र सर्वांत अधिक. त्यांत इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंच, म्हणजे तेथें उघडें पाणी ९८ अंशांसच उकळूं लागतें. रेडिएटरचें झांकण आंतील दाब वाढवून तो उत्कलनबिंदु पुष्कळ वर नेतें. म्हणून हें झांकण सैल पडलें तर पंप आणि पंखा दोन्ही निर्दोष असूनहि पाणी उकळतें. ५ जून २०२५ पासून समृद्धि महामार्गाचा जवळजवळ आठ किलोमीटरांचा बोगदा खुला झाला, आणि घाट चुकवूं इच्छिणाऱ्यांची सोय झाली.

आमची गोष्ट त्यापूर्वींच्या एका मे महिन्यांतील. मातोश्रींच्या डोळ्यांवर मुंबईस शस्त्रक्रिया झाली होती. धूळ आणि ऊन टाळावें, ठराविक वेळीं डोळ्यांत औषध घालावें, अशी सक्त ताकीद घेऊन आम्ही नाशिकास परतत होतों. घाटांत उष्णतादर्शक कांटा थोडा वर सरकला, इगतपुरीपुढच्या मोकळ्या रस्त्यावर आपणहून खालीं आला, आणि घोटीच्या टोलनाक्यापाशीं वाहनांची रांग लागतांच थेट तांबड्या रेघेकडे निघाला. अशा वेळीं गाडींतील तापक पूर्ण सोडावा म्हणजे इंजिनाची बरीच उष्णता आंत खेंचली जाते, हा एक जुना आणि खरा उपाय आहे. पण ऐंशी वर्षांची माता, डोळ्यांवर पट्टी आणि मे महिना! आम्हीं गाडी कडेस घेऊन इंजिन बंद केलें.

झांकणाच्या फटींतून वाफ येऊं लागली तों कोणी ओरडलें, "गाडी पेटली!" वाफेला धूर समजून अग्नीचें अनुमान करणाऱ्या मनुष्याचें उदाहरण न्यायशास्त्रांत येतें, तें आम्ही दरवर्षीं वर्गांत सांगतों. एक परोपकारी तरुण थंड पाण्याची बाटली घेऊन धांवला आणि रेडिएटरच्या झांकणास हात घालूं लागला. तेवढ्यांत रस्त्यापलीकडून अशी दरडावणी आली कीं तो जागच्या जागीं थिजला. तो आमचा मिस्त्री. दाबाखालीं शंभर अंशांच्या वर तापलेलें पाणी झांकण सुटतांच वाफ होऊन उसळतें आणि तोंड, मान, हात भाजून काढतें. शिवाय तापल्या धातूवर एकदम थंड पाणी पडलें तर तो तडकण्याची भीति. त्या तरुणाचा चेहरा वांचला, हें त्याला अजूनहि पुरतें कळलें नसावें.

मिस्त्र्यानें मातोश्रींस दुकानामागील आपल्या घरीं नेऊन बसविलें, आम्हांस चहा दिला, आणि पाऊण तास गाडीस हात लावला नाहीं. या अवधींत आम्हीं शहरांतील एका कारखान्यास दूरध्वनि केला. गाडी न पाहतांच तेथून निदान आलें: पंप, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर बदलावा, गाडी ओढून आणावी, अंदाज पंचवीस हजार. मिस्त्र्यास हें सांगितलें तेव्हां तो नुसता हंसला आणि म्हणाला, "सर, आधीं मला सांगा, गाडी चालतांना तापती का उभी राहिल्यावर?"

आयुर्वेदांत दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी त्रिविध परीक्षा सांगितली आहे. या गृहस्थानें ती पोथीवांचून केली. मोकळ्या रस्त्यावर भरधांव जातांना तापत असेल तर रेडिएटर आंतून चोंदला असावा किंवा पाणी कमी असावें. उभी असतां तापून चालूं लागतांच निवत असेल तर पाणी, पंप आणि रेडिएटर यांवर संशय घेण्यास फारसें कारण नाहीं, कारण वारा मिळतांच तीं आपलें काम करीत आहेत. राहिला पंखा. तरीहि त्यानें बाकीचें सोडलें नाहीं. तेल मोजण्याची कांडी काढून पाहिली: तेल दुधासारखें पांढुरकें झालें असतें तर माथ्याखालची गॅस्केट फुटून पाणी तेलांत शिरलें, असें ठरलें असतें, आणि मग खर्चाला सीमा नव्हती. तेल स्वच्छ होतें. गाडी निवल्यावर झांकण फडकें धरून सावकाश उघडलें, उतलेलें पाणी भरून काढलें, इंजिन सुरू केलें आणि दोन्ही नळ्या हातानें चांचपल्या. वरची तापली आणि खालची थंडगार राहिली असती तर थर्मोस्टॅट अडकला किंवा रेडिएटर चोंदला, असें म्हणतां आलें असतें. येथें दोन्ही क्रमाक्रमानें तापल्या. कांटा मध्यापुढें गेला. पंखा हलला नाहीं.

एवढ्यांत मातोश्री आंतून म्हणाल्या, "अरे, रांगेंत थांबलों तेव्हांपासून गाडींतला वारासुद्धां गरम येत होता." आम्हीं त्याकडे वृद्धांचें गाऱ्हाणें म्हणून पाहिलें असतें तर नवल नव्हतें, मिस्त्री मात्र हातांतला पाना खालीं ठेवून म्हणाला, "आजी, हें आधीं सांगितलं असतं तर चहा पाजायच्या आधींच गाडी दिली असती!" वातानुकूलनाची उष्णता बाहेर टाकणारी जाळी रेडिएटरच्या पुढेंच असते आणि गाडी उभी असतां तिलाहि त्याच पंख्याचा वारा लागतो. एका कारणाचीं दोन कार्यें दोन निरनिराळ्या ठिकाणीं दिसलीं, आणि साक्षीदार डोळ्यांवर पट्टी बांधलेला!

पण पंखा स्वतः जळाला, कीं त्याला वीज पोंचत नाहीं? येथें मिस्त्र्यानें जें केलें त्यासाठीं जॉन स्टुअर्ट मिलनें १८४३ सालच्या आपल्या ग्रंथांत व्यतिरेकपद्धतीचें विवेचन केलें आहे: बाकी सर्व परिस्थिति तीच ठेवून एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा. त्यानें फ्यूज तपासला, तो शाबूत. मग शेजारच्या खांचेंतील भोंग्याचा रिले उपटून पंख्याच्या जागीं बसविला. पंखा घरघरूं लागला, आणि दोन-तीन मिनिटांत कांटा मध्यावर येऊन थांबला. जुन्या रिलेचें कवच फोडून त्यानें आंतील काळवंडलेला संपर्कबिंदु आम्हांस दाखविला. तो ज्वारीच्या दाण्याएवढाहि नव्हता.

त्या आकाराचा नवा रिले गांवांत त्या दिवशीं मिळेना. त्यानें दीडशें रुपये मागितले. आम्हीं अधिक देऊं केले ते घेतले नाहींत, उलट दोन सूचना मात्र बजावून दिल्या. वाटेंत गरज पडली तर साधें पाणी घाला, पण घरीं पोंचल्यावर तें काढून योग्य प्रमाणांत शीतक भरा. कूपनलिकेच्या जड पाण्याचा क्षार नळ्यांत सांचतो. आणि तें शीतक उघड्यावर ठेवूं नका, कारण तें चवीला गोड आणि पोटांत गेल्यास जीवघेणें असतें. त्याच्या ओळखीच्या एका घरचा कुत्रा तसाच गेला होता. मातोश्रींच्या डोळ्यांत औषध घालण्याची वेळ चुकली नव्हती. तें काम त्याच्या पत्नीनें हात धुऊन, आमच्याहून हलक्या हातानें केलें.

घोटीपासून नाशिकापर्यंतचें सारें अंतर आम्ही भोंग्यावांचून काटलें. पुढें बैलगाडी आली कीं सावकाश जावें, मागून मालमोटार आली कीं वाट द्यावी. द्वारकेच्या चौकांत पोंचलों तेव्हां मातोश्रींनीं पट्टीखालूनच विचारलें, "आज इतकें शांत कसें वाटतें रे?"